मोल देऊन जुनं

नागपुरात महालातल्या जुन्या वाड्यांच्या दारात दुपारच्या वेळी भांडेवालीशी चालणारी घासाघीस अनेकांनी पाहिली असेल. दोन पँटी, एक नायलॉनची साडी आणि त्यांच्या बदल्यात स्टीलचा गंज. ते कपडे पुढे धुऊन, रफू होऊन, बटणं लागून कुणाच्या तरी अंगावर जातात, हे देणाऱ्या घराच्या गावीही नसतं. जुनं द्यायला आपण कधीच लाजत नाही, लाजतो ते घ्यायला. इंग्लंडात ऑक्सफॅम या मदतसंस्थेची दुकानं गेली पाऊणशे वर्षं लोकांनी दिलेले कपडे, पुस्तकं, कपबश्या विकून मदतकार्याला पैसा उभा करतात आणि तिथे चांगले खातेपीते लोकही खरेदी करतात. असं एखादं दुकान बडकस चौकात किंवा केळीबाग रोडवर निघावं, असं मला मनापासून वाटतं. वस्तू फुकट वाटू नये, वीस रुपये का होईना, घ्यावेत. पैसे मोजणाऱ्याला निवडायचा, नाक मुरडायचा, परत ठेवायचा हक्क मिळतो. फुकट घेणाऱ्याला तो कोण देतो? अंशू गुप्तांनी 1999 मध्ये सुरू केलेली ‘गूंज’ ही संस्था हेच जाणते: गावकरी विहीर, रस्ता, बांध अशी आपल्याच गावाची कामं करतात आणि कपडे मोबदला म्हणून घेतात. घेताना मात्र शर्ट उजेडात धरा, कॉलरची घडी उलटून बघा, काखेतली शिवण ताणून बघा. साडी असेल तर पदराआधी निऱ्यांचा काठ तपासा, झिजते ती तिथेच.