तेल मुरलेली भातजमीन जिवाणूंच्या साहाय्याने पूर्ववत करण्याबाबत निवेदन

दिनांक : १५ सप्टेंबर २०२५

प्रति,
मा. जिल्हाधिकारी,
रायगड, अलिबाग.

विषय : उरण तालुक्यातील तेलाने दूषित खारजमिनीवर भराव न टाकता जैविक उपचार करणेबाबत.

महोदय,

आम्ही उरण तालुक्यातील भातशेतकरी आहोत. आमच्या शेतांलगतच्या ट्रक-कंटेनर यार्डांत गाड्यांचे काळे ऑईल उघड्यावर ओतले जाते. पावसात ते आमच्या खाचरांत उतरते. पाण्यावर तवंग धरतो, चिखलाला डिझेलचा वास येतो, लावलेली रोपे पिवळी पडतात. काही खाचरांत तर चार पावसाळे लावणीच झालेली नाही.

यावर मुरमाचा भराव टाकण्याचा उपाय आम्हांला सुचवला जातो. भरावाखाली तेल तसेच राहील आणि शेत मात्र कायमचे जाईल. म्हणून आमचा त्यास विरोध आहे.

मातीतील काही जिवाणू तेलातील हायड्रोकार्बनवर जगतात आणि त्यांचे कार्बन डायऑक्साइड व पाण्यात रूपांतर करतात. त्यांना हवा, ओल, नत्र आणि स्फुरद लागते. साचलेल्या पाण्याखाली हवा पोहोचत नाही. त्यामुळे हे काम पाऊस सरल्यावर, जमीन नांगरून मोकळी ठेवूनच करावे लागते. टेरी या संस्थेने विकसित केलेले ‘ऑईलझॅपर’ हे जिवाणूंचे मिश्रण आसाम व गुजरातमध्ये तेलकट गाळावर वापरले गेले आहे. मात्र वापरलेल्या ऑईलमधील शिशासारखे धातू जिवाणूंना नष्ट करता येत नाहीत, याचीही आम्हांला जाणीव आहे.

आमच्या मागण्या :

१. पर्यावरण संरक्षण (दूषित स्थळांचे व्यवस्थापन) नियम, २०२५ नुसार ही खाचरे संशयित दूषित स्थळांच्या यादीत घ्यावीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करून घ्यावी.

२. माती व विहिरींच्या पाण्यातील तेल आणि जड धातूंची चाचणी करून अहवाल ग्रामसभेत मराठीत वाचून दाखवावा.

३. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राला सोबत घेऊन, खारट मातीत तगणाऱ्या जिवाणूंचा प्रयोग आधी एका खाचरात करावा. तेलाचे प्रमाण घटल्याचे दिसल्यावरच तो इतरत्र न्यावा.

४. यार्डांतून तेल येणे तत्काळ थांबवावे. ते येत राहिले, तर उपचार वाया जाईल.

५. शुद्धीकरणाचा खर्च व पडीक हंगामांची भरपाई दोषी यार्डचालकांकडून वसूल करावी.

६. तोवर या जमिनींवर भरावाची परवानगी देऊ नये.

एका हंगामात माती पूर्ण बरी होईलच असे नाही, हे आम्ही जाणतो. पण दिवाळीनंतर कामाला हात लागला नाही, तर कोरडे महिने निघून जातील आणि आणखी एक पावसाळा आमची खाचरे पडीक राहतील. बांधबंदिस्ती, नांगरट आणि राखण यांसाठी आम्ही स्वतः राबायला तयार आहोत. आपण स्थळपाहणीची तारीख कळवावी, ही नम्र विनंती.

आपले विश्वासू,
समस्त भातशेतकरी व ग्रामस्थ, तालुका उरण

प्रत : १. मा. प्रादेशिक अधिकारी, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ
२. मा. तहसीलदार, उरण