प्रादेशिकता : आशयाची अट की प्रवेशाची?

मराठी समीक्षेत ‘प्रादेशिक’ हे विशेषण ज्या सहजतेने वापरले जाते, त्या सहजतेने त्याचा हिशेब कोणी मागत नाही. श्री. ना. पेंडसे यांची ‘गारंबीचा बापू’ (१९५२), व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (१९५५), उद्धव शेळके यांची ‘धग’ (१९६०) या कादंबऱ्यांची नावे घेतली की प्रादेशिकतेची चर्चा सुरू होते आणि बहुधा तेथेच संपते. प्रदेश हा कादंबरीतील एक पात्र झाला पाहिजे, तेथील निसर्ग, बोली व लोकरीती यांनी माणसांचे जीवन घडवले पाहिजे, ही व्याख्या आपण विद्यार्थ्यांना सांगतो आणि तेही ती परीक्षेत लिहितात. या व्याख्येने मराठी साहित्यव्यवहाराचे काही नुकसान केले आहे काय, हा प्रस्तुत टिपणाचा विषय आहे. तो मांडण्यासाठी मी साहित्याबाहेरचे, समकालीन चित्र-शिल्पकलेच्या व्यवहारातील एक उदाहरण घेत आहे.

ऱ्हाइन नदी स्वित्झर्लंडचा निरोप घेते त्या वळणावर बाझेल हे शहर वसले आहे. शहराच्या एका अंगाला फ्रान्सचा आल्सास, तर दुसऱ्या अंगाला जर्मनीचा दक्षिण बाडेन प्रांत. या तीन देशांच्या सांध्यावर दर हिवाळ्यात, नोव्हेंबरअखेरीपासून जानेवारीपर्यंत, ‘रेजिओनाले’ नावाचे समकालीन कलेचे प्रदर्शन भरते. नावाचा अर्थच ‘प्रादेशिक’. बाझेलच्या कुन्स्टहालेत पूर्वी स्थानिक कलावंतांचे नाताळ-प्रदर्शन होत असे. त्या परंपरेतून २००० साली हे प्रदर्शन आकाराला आले. आज तिन्ही देशांतील सुमारे वीस कलासंस्था ते वाटून घेतात. बाझेलची कुन्स्टहाले, म्युलूझ येथील एका जुन्या ओतशाळेच्या इमारतीतील कलादालन, सें-लुई येथील मद्यनिर्मितीच्या कारखान्यात झालेले संग्रहालय, फ्रायबुर्गमधील जुन्या वीजघरातील ‘ए-वेर्क’ आणि शंभरावर किलोमीटर दूर असलेल्या स्ट्रासबुर्गमधील संस्था असा हा विस्तार आहे. याच बाझेलमध्ये १९७० पासून उन्हाळ्यात जगातील एक अतिशय मोठा कलाबाजारही भरतो. तेथे येणाऱ्या धनिकांना हिवाळ्यातील या प्रदर्शनाची खबर असण्याचे फारसे कारण नाही.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती या प्रदर्शनाची रीत. कलावंत या प्रदेशात राहणारा असावा किंवा प्रदेशाशी त्याचे नाते असावे, एवढीच अट असते. तो आपल्या कलाकृतींची माहिती सादर करतो आणि सहभागी संस्थांचे क्युरेटर त्या सामायिक साठ्यातून आपापल्या प्रदर्शनासाठी स्वतंत्रपणे निवड करतात. चित्रात ऱ्हाइन नदी दिसावी, आल्सासच्या द्राक्षमळ्यांचा रंग उतरावा, काळ्या जंगलातील लोककथा यावी अशी अपेक्षा कोणी धरत नाही. प्रदेश दारावर विचारला जातो. आत गेल्यावर कलाकृतीकडे त्याचा दाखला मागितला जात नाही.

आपल्याकडे नेमके उलट घडते. लेखक कोठे राहतो याला प्रादेशिकतेच्या व्याख्येत स्थान नाही. त्याच्या लेखनात प्रदेश किती भरला आहे ते मोजले जाते. परिणामी गडचिरोलीत राहून गणिताविषयी किंवा मृत्यूविषयी कविता लिहिणारा कवी प्रादेशिक ठरत नाही, आणि मध्यवर्ती म्हणून त्याच्याकडे पाहण्याची सवय आपल्याला नाही. तो दोन्ही याद्यांतून गळतो. उलटपक्षी, भाऊ पाध्ये यांच्या ‘वासूनाका’ (१९६५) या पुस्तकाला मुंबईतील एका वस्तीची स्वतंत्र बोली आहे, तेथील जगण्याची घट्ट स्थानिकता आहे. तरी त्याला आपण ‘महानगरीय’ म्हणतो, प्रादेशिक म्हणत नाही. म्हणजे हे विशेषण वर्णनाचे नसून श्रेणीचे आहे, आणि कोणत्या शहरातून पाहिले म्हणजे ती श्रेणी दिसते हेही उघड आहे.

श्रेणी नेहमी निंदेतूनच निर्माण होते असे नाही, स्तुतीतूनही होते. योहान पेटर हेबेल (जन्म १७६०) हा बाझेल परिसराचाच कवी. त्याच्या आलेमानिक बोलीतील कविता १८०३ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि खुद्द गटेने त्यांचे कौतुक केले. ही बोली आजही थोड्याफार फरकाने तिन्ही देशांत बोलली जाते. आपल्याकडे ‘बहिणाबाईंची गाणी’ १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह आली आणि मराठी रसिकाने ती डोक्यावर घेतली. ते योग्यच झाले. पण बहिणाबाईंविषयीचे आपले लेखन चाळावे : अकृत्रिम, उत्स्फूर्त, निसर्गदत्त, निरक्षर असूनही. या शब्दांनी त्यांना आसन दिले ते वेगळ्या दालनात. त्यांच्या कवितेतील रचनेचा, तर्काचा, शब्दांच्या काटकसरीचा विचार मर्ढेकरांच्या शेजारी ठेवून करावा असे फार थोड्यांना वाटले.

रेजिओनालेच्या रचनेतील दुसरी गोष्ट मला पहिलीइतकीच मोलाची वाटते. तेथे एका प्रदेशाला अनेक दारे आहेत. एका क्युरेटरने नाकारलेली कृती दुसऱ्याला, दुसऱ्या देशात, हवीशी वाटू शकते. त्यामुळे एखाद्याच अभिरुचीचा शब्द अंतिम ठरत नाही. मराठीत साहित्यसंस्था पुष्कळ आहेत, पण त्यांची वाटणी भूगोलाने झाली आहे. महाराष्ट्र साहित्य परिषद (१९०६), विदर्भ साहित्य संघ (१९२३), मुंबई मराठी साहित्य संघ (१९३५) आणि मराठवाडा साहित्य परिषद (१९४३) यांचे ऐतिहासिक कार्य वादातीत आहे. १९६१ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य महामंडळ स्थापन झाले तेही अशा संस्थांचे मिळून. तथापि या रचनेत एका प्रदेशाला मुख्यतः एकच दार मिळते. ते बंद असले, किंवा त्या दारी बसलेल्यांशी लेखकाचे पटत नसले, तर त्याने थेट पुणे-मुंबईचा रस्ता धरावा. मधला मार्ग नाही.

सीमेवरच्या लेखकाची स्थिती तर याहून अवघड. हान्स आर्प १८८६ मध्ये स्ट्रासबुर्ग येथे जन्मला तेव्हा ते शहर जर्मन साम्राज्यात होते. पहिल्या महायुद्धानंतर ते फ्रान्सकडे गेले, दुसऱ्या महायुद्धात पुन्हा जर्मनीच्या ताब्यात आणि नंतर पुन्हा फ्रान्सकडे. आर्प शिल्पकार होता तसाच कवीही; त्याने जर्मन व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत लिहिले, हान्स आणि जाँ ही दोन्ही नावे वापरली आणि १९६६ मध्ये तो बाझेल येथे वारला. त्याला कोणत्या देशाचा प्रादेशिक कलावंत म्हणायचे? आपल्याकडे बा. भ. बोरकर मराठीत लिहीत होते आणि कोकणीतही. पण मराठीचा अभ्यासक्रम अर्धेच बोरकर शिकवतो आणि कोकणीचा उरलेले अर्धे. बेळगावचा मराठी लेखक १९५६ पासून कर्नाटकात आहे. राजकीय प्रश्न न्यायालयात आहे तो असो. वाङ्मयीन प्रश्न मात्र आपल्या हातात होता. तेथे आपण काय केले? २००० मध्ये बेळगावला आणि २०१८ मध्ये बडोद्याला साहित्य संमेलन भरवले. तीन दिवसांचा पाहुणचार झाला आणि मांडव उतरला.

या प्रदर्शनाचा गौरव करताना त्याचे दोष झाकण्याचे कारण नाही. प्रत्येक संस्था बहुधा एखादे सूत्र ठरवून निवड करते, आणि मग एखाद्याचे मूक, स्वतःत रमलेले चित्र त्या सूत्राचा पुरावा म्हणून भिंतीवर चढते. (आपली चर्चासत्रे याहून वेगळी नाहीत. ‘अमुक कवितेतील पर्यावरण’ असा विषय ठरला की कवितेला साक्षीदार म्हणून उभे केले जाते आणि तिने दुसरे काही बोलू नये अशी अपेक्षा असते.) वीस ठिकाणी विखुरलेले प्रदर्शन संपूर्ण पाहणारा प्रेक्षक विरळा, त्यामुळे समग्र मूल्यमापनही अवघड. शिवाय सीमा पुसली गेली असा भ्रम नको. २०१४ पासून बाझेलची ट्राम जर्मनीतील वाइलपर्यंत आणि २०१७ पासून फ्रान्समधील सें-लुईपर्यंत जाते. पण २०२० च्या साथीत या सीमा बंद झाल्या आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात संग्रहालये कोणती उघडी राहणार हे प्रत्येक देशाने आपापले ठरवले. सामायिक प्रदेश राज्यसंस्थेच्या मर्जीवर टिकतो, हे सत्य तेथेही सुटलेले नाही.

तरीही ही रीत आपल्याला उचलता येईल, आणि त्यासाठी कलादालनांची गरज नाही. कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ, गोवा विद्यापीठ आणि बेळगावचे राणी चन्नम्मा विद्यापीठ या तिन्ही ठिकाणी मराठीचे पदव्युत्तर अध्यापन होते. या तिन्ही विभागांनी कोल्हापूर, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि गोवा हा एकच वाङ्मयीन प्रदेश मानून तेथे राहणाऱ्या किंवा तेथून गेलेल्या लेखकांकडून अप्रकाशित लेखन मागवावे. विषयाचे, बोलीचे बंधन नसावे. आलेला सर्व मजकूर तिघांनीही वाचावा आणि प्रत्येकाने आपला स्वतंत्र संग्रह सिद्ध करावा, आपल्या निवडीची कारणे लिहावीत. एकाच साठ्यातून निघालेले तीन संग्रह समोर ठेवले की आपल्या अभिरुचीची भिन्नता प्रथमच तपासता येईल, एम. ए. च्या विद्यार्थ्यांना समीक्षेच्या प्रश्नपत्रिकेसाठी याहून चांगली सामग्री कोणती? त्यासाठी अनुदानापेक्षा वाचनाचा वेळ अधिक लागेल, आणि सध्याच्या अहवाल-व्यापात विभागांकडे तोच सर्वांत कमी आहे. मालवणी व कोकणी यांच्या सीमेवरचे लेखन आले तर ते कोणी वाचावे, हा वाद पहिल्याच बैठकीत होईल. तो टाळण्यासाठी कोकणी विभागाला आरंभापासून चौथा वाचक म्हणून बोलवावे, असे माझे मत आहे; बोरकरांचे दोन्ही अर्धे त्यांच्याशिवाय एकत्र येणार नाहीत.