जीर्ण व्याधी, बिडी आणि आपली चिकित्सा

निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण विद्यार्थिदशेपासून पाठ केलेले आहे. तथापि प्रमेह, तमकश्वास, हृद्रोग वा सिकलसेल यांसारख्या दीर्घकाळ सोबत करणाऱ्या व्याधींच्या रुग्णास आपण सविस्तर औषधपत्र लिहून देतो आणि ‘बिडी तेवढी सोडा’ हे वाक्य तो दाराशी पोहोचल्यावर त्याच्या पाठीमागून उच्चारतो. त्या वाक्याला ना मात्रा, ना काल, ना पुनर्तपासणीची तारीख. केसपेपरवर त्याची नोंदही आढळत नाही. जीर्ण रुग्णाचा तंबाखूत्याग हा त्याच्या चिकित्सेचाच भाग असून तो औषधाइतक्याच काटेकोरपणे लिहिला, दिला व तपासला गेला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

आपल्या भंडारा जिल्ह्याला हा विषय अधिक जवळचा आहे. तेंदूपाने आणि बिडीउद्योग यांनी भंडारा-गोंदिया परिसरातील असंख्य कुटुंबांच्या चुली पेटत्या ठेवल्या. त्या कष्टकऱ्यांविषयी अनादर बाळगण्याचे कारण नाही. परंतु या निकटतेमुळेच बिडी म्हणजे घरचीच वस्तू, सिगारेटपेक्षा सौम्य, असा समज येथे रूढ झाला. वस्तुस्थिती उलट आहे. बिडीत तंबाखू कमी असला तरी तेंदूपान हवा आत येऊ देत नाही. ती विझू नये म्हणून झुरके अधिक व खोल घ्यावे लागतात. परिणामी निकोटिन, डांबर व कार्बन मोनॉक्साइड यांचे प्रमाण सिगारेटइतके, किंबहुना अधिकच शरीरात जाते.

काही रुग्ण आपल्याच ग्रंथांचा आधार घेऊन ‘धूमपान तर आयुर्वेदातही सांगितले आहे’ असा प्रतिवाद करतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात धूमपान आहे हे खरे. परंतु ते औषधी द्रव्यांच्या वर्तीचे, धूमनेत्राने, ठरावीक काली व ठरावीक मात्रेत घ्यावयाचे. तंबाखू तर पोर्तुगीजांच्या आगमनानंतर या देशात आला. त्याहून महत्त्वाचे असे की, याच अध्यायात धूमपानास अपात्र अशांची जी यादी आहे तीत प्रमेही, क्षीण, क्षतयुक्त आणि गर्भिणी यांचा समावेश आहे. ज्या प्रमेह्याला शास्त्राने औषधी धूमही नाकारला, त्याला दिवसाला वीस बिड्यांची मूक अनुमती आपण कोणत्या आधारावर देतो? ‘हर्बल’ वा ‘निकोटिनमुक्त’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बिड्यांनाही हाच न्याय लागू आहे. पाला कोणताही असो, जळल्यावर डांबर व कार्बन मोनॉक्साइड निर्माण होणारच. आपल्या औषधी दुकानांच्या फळीवर त्यांना स्थान नसावे.

आता सोडण्याच्या पद्धतीविषयी. सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायातील पादांशिक क्रम आपणांस ज्ञात आहे. सात्म्य झालेले अहित एकाएकी न सोडता अंशाअंशाने सोडावे, हा त्याचा आशय. परंतु व्यवहारात याच क्रमाचा आधार घेऊन ‘हळूहळू कमी करतो’ हे उत्तर रुग्ण वर्षानुवर्षे देत राहतो आणि आपण ते मान्य करतो. पाद म्हणजे चतुर्थांश हा प्रचलित अर्थ घेतला, तर एक, दोन, तीन दिवसांच्या वाढत्या अंतराने वीस बिड्यांवरून पंधरा, दहा, पाच व अखेर शून्य असा हा प्रवास एक-दोन आठवड्यांत संपतो. अंतिम दिवस नसलेला क्रम हा पादांशिक क्रम म्हणता येणार नाही.

येथे एका आधुनिक अभ्यासाकडेही पूर्वग्रह न ठेवता पाहिले पाहिजे. 2016 साली इंग्लंडमधील 697 धूम्रपानी व्यक्तींवरील अभ्यास प्रसिद्ध झाला. एका गटाने ठरल्या दिवशी एकदम धूम्रपान सोडले, दुसऱ्याने दोन आठवड्यांत कमी करत सोडले; निकोटिनची पर्यायी औषधे दोघांनाही दिली होती. चार आठवड्यांनंतर पहिल्या गटातील सुमारे 49 टक्के, तर दुसऱ्यातील सुमारे 39 टक्के व्यक्ती धूम्रपानापासून दूर होत्या. ज्याची तयारी आहे त्याला एकदम सोडू द्यावे. ज्याला ते अशक्य वाटते त्याच्यासाठी पादांशिक क्रम राखावा, असा माझा निष्कर्ष आहे. यात शास्त्राचा अवमान नाही. प्रकृती, सत्त्व व सात्म्य पाहूनच उपक्रम ठरवावा, हीच तर शास्त्राची शिकवण आहे.

जीर्ण रुग्णाच्या बाबतीत मात्र ‘सोडा’ म्हणून भागत नाही, कारण सोडल्यानंतर त्याची इतर चिकित्साही बदलते. तमकश्वासाचा रुग्ण थिओफायलिन घेत असेल, तर धुरामुळे ते औषध यकृतात लवकर विघटित होत असते. बिडी बंद होताच रक्तातील त्याची पातळी वाढते. हृल्लास, हृद्‌द्रव, कंप ही लक्षणे उद्भवू शकतात. अशा वेळी मूळ औषध देणाऱ्या डॉक्टरांना कळवून मात्रा ठरवून घ्यावी. इन्सुलिन घेणाऱ्या मधुमेह्याची साखर धूम्रपान थांबल्यावर खाली येण्याचा संभव असतो, तर काहींची भूक व वजन वाढून ती वर जाते. म्हणून पहिले काही आठवडे तपासणी अधिक वेळा हवी. सिकलसेलच्या रुग्णांत धूर फुप्फुसांच्या गंभीर उपद्रवाची शक्यता वाढवतो. घरातील मुलास सिकलसेल असल्यास वडिलांची बिडी हीदेखील त्या मुलाच्या चिकित्सेतीलच बाब समजावी.

आपण सुचवतो ते पर्यायही तपासून घ्यावेत. तलफ आल्यावर चघळण्यास ज्येष्ठमध देण्याचा प्रघात आहे. परंतु ज्येष्ठमधाच्या नित्य सेवनाने रक्तदाब वाढतो व रक्तातील पोटॅशियम घटते; रक्तदाब, हृद्रोग वा वृक्कविकार असलेल्यास तो मुक्तपणे देऊ नये. मधुमेह्यास साखर लावलेली बडीशेप वा अवलेह, रक्तदाबाच्या रुग्णास खारवलेली आवळासुपारी हेही विचारपूर्वकच. त्यापेक्षा साधी भाजलेली बडीशेप वा लवंग बरी. सुपारी तर मुळीच नको. तंबाखूविरहित सुपारीदेखील कर्करोगकारक ठरलेली आहे. आपल्या भागात बिडी सुटली की पानठेल्यावरचा खर्रा जवळ येतो. 2016-17 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील सुमारे 24 टक्के प्रौढ धूरविरहित तंबाखू वापरत होते. म्हणून ‘बिडी पिता का?’ एवढे न विचारता बिडी, खर्रा, गुडाखू, मशेरी अशी नावे घेऊनच विचारावे.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली बिडी लागत असेल तर व्यसन दृढ आहे असे जाणावे. त्यागाची तारीख रुग्णाच्या तोंडून घेऊन केसपेपरवर लिहावी. तिसऱ्या, सातव्या व तिसाव्या दिवशी पुन्हा बोलवावे. पहिल्या आठवड्यात चिडचिड, निद्रानाश व मलावष्टंभ बळावतात आणि बहुधा महिन्याभरात ओसरतात. या लक्षणांवरील आपली चिकित्सा समर्थ आहे; येथेच वैद्याचा खरा उपयोग आहे. गरज भासल्यास निकोटिनच्या पर्यायी औषधांसाठी तज्ज्ञांकडे पाठविण्यात कमीपणा मानू नये. 2016 पासून सुरू असलेल्या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेचा 1800-11-2356 हा निःशुल्क क्रमांक प्रत्येक औषधी दुकानात ठळकपणे लावता येईल.

‘आता या वयात, इतका दमा झाल्यावर सोडून काय उपयोग?’ हा प्रश्न आपल्याला वारंवार ऐकावा लागतो. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यावे. फुप्फुसांची गेलेली शक्ती परत येत नाही. परंतु बिडी थांबली की पुढील ऱ्हासाचा वेग मंदावतो, आणि तो कोणत्याही वयात मंदावतो. याप्य व्याधीत रुग्णाला उरलेले बल टिकवून देणे हेच आपले कार्य आहे. तेव्हा वैद्यबंधू-भगिनींनी व औषधी विक्रेत्यांनी आपल्या प्रत्येक जीर्ण रुग्णाच्या केसपेपरवर तंबाखूचा एक स्वतंत्र रकाना आजपासूनच आखावा, ही नम्र विनंती. इत्यलम्.