मक्याआधी चोथ्याची सोय बघा



सध्या गटात कुठेही जा, एकच प्रश्न कानावर येतो : "साहेब, आपली डिस्टिलरी मक्यावर चालवणार का?" मुलांच्या शिक्षणासाठी जुळे सोलापुरात घर करून राहिलेले सभासदही भेटले की हाच विषय काढतात. प्रश्न रास्त आहे. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करणे थांबविले. आठवडाभराने ते थोडे सैल केले, तरी तो सबंध हंगाम डिस्टिलऱ्यांना हात आखडूनच चालावे लागले. मार्च 2025 मध्ये सहकारी कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या मक्यावर व खराब धान्यावरही चालाव्यात म्हणून व्याज सवलतीची योजना निघाली. गाळप संपले की बसून राहणारी यंत्रसामग्री त्यामुळे वर्षभर चालू शकेल. याला आमचा विरोध नाही.

आमचे म्हणणे एवढेच, की चर्चा सगळी इथेनॉलच्या लिटरची होते, मागे उरणाऱ्या चोथ्याची कोणी करीत नाही.

साधा हिशेब मांडू. एक टन मक्यापासून सुमारे 380 लिटर इथेनॉल आणि अंदाजे 300 किलो सुका चोथा मिळतो. व्यापारात त्याला डीडीजीएस म्हणतात. रोज 60 हजार लिटरची डिस्टिलरी धरली, तर दिवसाला जवळपास 158 टन मका लागेल आणि 47 टन चोथा पडेल. पंधरा दिवस उचल झाली नाही तर 700 टनांचा ढीग! आपली मळी पंपाने टाकीत जाते, बगॅस बॉयलर खातो, प्रेसमड शेतात जातो. हा माल मात्र पशुखाद्य म्हणून विकलाच पाहिजे. त्याचे पैसे आले तरच धान्याच्या इथेनॉलचा ताळमेळ बसतो.

आणि हा माल दिसतो भुशासारखा, पण धान्यासारखा वाहत नाही. मक्यातले पिष्ट आंबून गेल्यावर प्रथिने, तेल आणि तंतू उरतात. गाळून निघालेले पाणी आटवून त्याचा काकवीसारखा पाक करतात आणि तो चोथ्यावर टाकून सगळे एकत्र वाळवितात. या पाकामुळे माल हवेतला ओलावा ओढतो. आषाढात गुळाच्या ढेपेला पाणी सुटते, तसलाच हा प्रकार. त्यात माल गरम असतानाच साठविला तर आणखी बिघडते. गरम भाकरी डब्यात झाकली की तिला घाम सुटतो. तसे ढिगाच्या आत होते, आणि निवता निवता सगळ्याचा दगड बनतो. मग उंच सायलोत तो तोंडाशी कमान धरतो, किंवा मधोमध बिळासारखे भोक पडून बाजूचा माल जागीच राहतो. अमेरिकेत हे उत्पादन फार मोठे. तिथेही रेल्वेच्या वाघिणीत माल घट्ट बसून बाहेरून घण मारून उतरविण्याची पाळी आली, वाघिणींचे पत्रे चेपले.

तेव्हा आमच्या मते चार गोष्टी आधी ठराव्यात. एक, ड्रायरमधून निघणाऱ्या मालाचा ओलावा 10-11 टक्क्यांच्या वर जाऊ नये आणि तो प्रत्येक पाळीत मोजला जावा. दोन, ड्रायरच्या मागे कूलर हवाच. उन्हाळ्यात सोलापूरची हवाच 40 अंशांच्या पुढे असते. तेव्हा माल निवविण्याचे काम रात्री-पहाटे करावे, एक-दोन दिवस फरशीवर उलथापालथ करून मगच पोती भरावीत. तीन, उंच सायलोच्या मोहात न पडता कोरड्या सपाट फरशीचे गोदाम बांधावे. आधी आलेला माल आधी जावा. चार, अडकलेला माल मोकळा करायला माणूस वरून आत उतरविण्याची सक्त मनाई असावी. कमान अचानक ढासळते आणि माणूस क्षणात गाडला जातो.

कोणी म्हणेल, एवढा खर्च कशाला, ओलाच चोथा दूधवाल्या सभासदांना देऊन टाका. जवळच्या गोठ्यांना जरूर द्यावा. पण ओल्या चोथ्यात 65 ते 70 टक्के पाणी असते, आपल्या उन्हाळ्यात तो दोन-तीन दिवसांत आंबतो. रोज उचल होईल तेवढाच तो सोयीचा, बाकीचा वाळवावाच लागेल.

जनावरांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट. पिष्ट निघून गेल्यामुळे प्रथिने जशी साधारण तिप्पट होतात, तसेच बुरशी लागलेल्या मक्यातले अफ्लाटॉक्सिन हे विषही चोथ्यात तिपटीने साठते आणि पुढे दुधात उतरते. दुधात त्याची मर्यादा किलोला 0.5 मायक्रोग्रॅम आहे. म्हणून मका गेटवरच तपासून घ्यावा. उसाचा काटा आपण चोख मागतो, मग मक्याची तपासणीही चोख मागू या.

डिस्टिलरीसाठी निघणारे कर्ज शेवटी उसाच्या बिलातूनच फिटते. म्हणून वार्षिक सभेत हा विषय आला की रोज किती लिटर, एवढेच विचारून बसू नका. ड्रायर, कूलर, गोदाम, तपासणी आणि चोथ्याचा खरेदीदार, या पाचांची सोय काय केली, तेही उभे राहून विचारा. उत्तर समाधानाचे मिळाले तर हात वर करा.

— ऊस विकास अधिकारी,
गट कार्यालय, जुळे सोलापूर