भाकरी पोचवा, वरून टाकू नका



रात्री दहानंतर परळच्या फुटपाथवर गरम जेवण पोचवायला कॉलेजातली पोरं-पोरी पायजेत. सांगायचंय ते एवढंच. पण हे वाक्य आपल्या पानावर लिहिताना माझा हात अडखळला. का, ते आधी सांगतो.

माझी आजी येसकराच्या पाळीला टोपली घेऊन गावातनं फिरायची. भाकरी पडायची ती वरून, हाताला हात न लागता. शिळी, कधी उष्टी. गाव त्याला दान म्हणायचा. ती होती वर्षभर राबल्याची मजुरी, दानाचं सोंग घेतलेली! मार्च १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी सांगितलं, उष्ट्या तुकड्यांवर जगणं सोडा. त्या टोपलीला लाथ मारून आपण शहरात आलो. आणि आज तुम्ही पुन्हा टोपली उचलताय? एका दोस्तानं तोंडावर विचारलं. सवाल रास्त आहे.

माझा जबाब ऐका. १९७२ ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नाव घेतलं अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. त्यांची बंदूक सगळ्यांना दिसली, चूल कुणी बघितली नाही. जानेवारी १९६९ पासून ओकलंडच्या एका चर्चमध्ये ते शाळकरी पोरांना फुकट नाश्ता देत होते. बघता बघता शहराशहरात चुली पेटल्या. एफबीआयच्या हूवरला याच नाश्त्याची धास्ती पडली! कारण त्या ताटावर बसून पोरांना कळत होतं, भूक नशिबानं येत नाही, ती लादली जाते.

म्हणून सवाल अन्न पोचवायचं की नाही हा नाहीच. कसं पोचवायचं, हा आहे.

परळच्या इस्पितळांत विदर्भ-मराठवाड्यापासून बिहारपर्यंतचा माणूस कॅन्सर घेऊन येतो. पेशंट आत, बायका-पोरं फुटपाथवर. औषधातच गाठीचा पैसा संपतो. दोन मैलांवर लग्नाच्या हॉलमध्ये त्याच रात्री भाताची पातेली जशीच्या तशी उरतात. हा कसला न्याय?

एका रात्री एका केटररनं आम्हाला पातेलं दिलं. झाकण उघडलं, तर ताटांतलं खरवडून भरलेलं. वर म्हणतो कसा, ''गरिबाला काय फरक पडतो?'' तिकडे माणसं वाट बघत बसलेली. आमच्यातला एक म्हणाला, देऊन टाकू, पोट तरी भरेल. मला टोपली आठवली. पातेलं त्याच्या दारात ठेवलं, खिसे उलटे केले, पाव आणि केळी घेतली. कमी पडली. पण उष्टं दिलं नाही. च्यायला, त्या रात्री झोप लागली नाही, हेही खरं.

तेव्हापासून आमचे कायदे ठरले. पंगतीत न गेलेलंच अन्न घ्यायचं, आधी स्वतः चाखायचं. दोन तासांच्या आत पोचवायचं. वास आला की फेकायचं. हातात द्यायचं, बसून द्यायचं. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही. फोटो तर नाहीच! पहिल्या आठवड्यात आमच्याच एकानं मोबाईल काढला, तेव्हा एका म्हाताऱ्यानं टॉवेलनं तोंड झाकलं. ते झाकलेलं तोंड मी विसरणार नाही.

आणि डबा देऊन घरी पळायचं नाही. रेशनकार्ड आहे का, विचारायचं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं माणशी महिना ५ किलो धान्य, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो, हा हक्क आहे. ज्याचं नाव यादीतून गळलं, ज्याचा झिजलेला अंगठा मशीन ओळखत नाही, त्याच्यासोबत रेशन ऑफिसात जाऊन साहेबाच्या टेबलासमोर उभं राहायचं. डबा एका रात्रीचा. रेशनचा हक्क रोजचा. हे दुसरं काम ज्याला जमणार नाही, त्यानं पुण्य कमवायला दुसरीकडे जावं.

आठवड्यातून एक रात्र, तीन तास. सायकल असो, गाडी असो, नाहीतर नुसता लोकलचा पास. होस्टेलवाल्यांनो, मेसचं पाणीदार वरण तुम्ही खाल्लंय, भूक तुम्हाला शिकवावी लागणार नाही. पोरींनो, हे काम फक्त पोरांचं समजू नका.

आजीची टोपली आपण फेकली ती बरोबरच केलं. आता आपल्या हातात डबा आहे. तो देताना आपला हात कुणाच्याही हाताच्या वर असता कामा नये.

या. जयभीम!