गोऱ्या रंगाची क्रीम आणि किडनी: अकोल्याच्या घटनेतून आपण काय शिकायचे?

लग्नसराई जवळ आली की वराळ्यातल्या माझ्या दवाखान्यात ताप-खोकल्याच्या रुग्णांबरोबर चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्या मुलीही वाढतात. मागच्या हंगामात एक आई तिच्या तेवीस वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलगी तळेगाव एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कामाला आहे, रोज स्कूटीने ये-जा करते.

"डॉक्टर, हिच्या चेहऱ्याचं बघा ना जरा. क्रीमने छान उजळला होता. आता क्रीम संपली आणि पहिल्यापेक्षा काळा पडलाय. तसलीच दुसरी लिहून द्या."

मी क्रीमची डबी मागितली. पांढरी प्लास्टिकची डबी, झाकणावर एक चमकदार स्टिकर. कंपनीचे नाव नाही, घटक नाहीत, तारीख नाही. ब्युटी पार्लरमधून आणलेली. मी दोन गोष्टी सांगितल्या: ही डबी पुन्हा वापरायची नाही आणि आज लघवीची तपासणी करून घ्यायची.

आईला नवल वाटले. तक्रार चेहऱ्याची आणि तपासणी लघवीची? या प्रश्नाचे उत्तर अकोल्यात मिळते.

अकोल्यात काय घडले?

२०२३ च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एका कुटुंबाची बातमी आली. त्या घरातल्या विशीतल्या मुलीने स्थानिक ब्युटिशियनकडून त्वचा उजळवणारी क्रीम घेतली होती. फरक दिसला, ओळखीच्यांनी कौतुक केले, म्हणून आई आणि बहीणही तीच क्रीम लावू लागल्या. पुढे तिघींच्याही किडनीला सूज आली. एकाच घरात तिघींना एकाच वेळी किडनीचा आजार होणे हा योगायोग नसतो, म्हणून डॉक्टरांनी तिघींमध्ये समान काय आहे याचा शोध घेतला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात त्या क्रीमची तपासणी झाली, तेव्हा तिच्यात पाऱ्याचे प्रमाण मर्यादेपेक्षा खूप जास्त निघाले.

ही घटना एकटी नाही. केरळमध्ये मलप्पुरम जिल्ह्यातल्या कोट्टक्कल येथील डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ या काळात किडनीच्या एका विशिष्ट विकाराचे, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथीचे, २२ रुग्ण तपासले. त्यांपैकी १५ जणांमध्ये या विकाराचा एरवी क्वचित दिसणारा एक प्रकार होता आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरे होण्याच्या क्रीम वापरल्याचे सांगितले. हा अभ्यास 'किडनी इंटरनॅशनल' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे.

चेहऱ्याला लावलेला पारा किडनीपर्यंत कसा जातो?

आपल्या त्वचेचा रंग मेलॅनिन या रंगद्रव्यामुळे ठरतो. ते तयार होण्यासाठी टायरोसिनेज नावाचे एन्झाइम लागते. पाऱ्याचे क्षार हे एन्झाइम अडवतात. मेलॅनिन कमी बनते आणि काही आठवड्यांत चेहरा उजळ दिसू लागतो. म्हणजे क्रीम "काम करते" हे खरे असते आणि फसगत तिथेच होते.

पारा त्वचेतून रक्तात शिरतो आणि तो सर्वांत जास्त साठतो किडनीत. किडनीची बारीक चाळणी बिघडते आणि एरवी रक्तात राहणारी प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. सुरुवातीची लक्षणे साधी वाटतात:

- लघवीला साबणासारखा, लवकर न विरणारा फेस येणे
- सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली, चेहऱ्यावर सूज
- संध्याकाळी पायांवर सूज, पैंजण किंवा चप्पल घट्ट होणे
- कारण नसताना वजन वाढणे, थकवा

या टप्प्यावर रक्तातले क्रिएटिनिन बऱ्याचदा नॉर्मल असते. म्हणून "किडनीची टेस्ट चांगली आली" एवढ्यावर थांबू नका. लघवीतल्या प्रथिनांची साधी तपासणी आधी बिघाड दाखवते. दिलासा देणारी बाब अशी, की क्रीम वेळीच बंद केली आणि योग्य उपचार घेतले, तर बहुतेक रुग्ण सुधारतात.

आणखी एक गोष्ट. पारा लावणाऱ्यापुरताच राहत नाही. टॉवेल, उशी, हात यांतून आणि त्याच्या वाफेतून तो घरातल्या इतरांपर्यंत, लहान मुलांपर्यंत पोहोचतो. गरोदर बाईच्या शरीरातून तो पोटातल्या बाळाच्या मेंदूला इजा करू शकतो.

कायदा आहे, मग डबी बाजारात कशी?

पाऱ्याच्या वापराला आळा घालणारा मिनामाता करार २०१७ मध्ये लागू झाला. भारताने त्याला २०१८ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडच्या सौंदर्यप्रसाधन नियम २०२० नुसार क्रीममध्ये मुद्दाम पारा घालता येत नाही आणि नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत १ भाग, यापेक्षा जास्त चालत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये करारातील देशांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. पारा घातलेली सर्वच सौंदर्यप्रसाधने २०२५ पर्यंत बंद करायची, असे ठरले.

नियम कडक आहेत, पण ते परवाना असलेल्या कारखान्याला लागू पडतात. पार्लरच्या मागच्या खोलीत मिसळलेली, विना-लेबल परदेशातून आलेली किंवा मोबाइलवर ऑर्डर केलेली डबी या चाळणीतून जातच नाही. औषध निरीक्षक प्रत्येक पार्लरमध्ये जाऊ शकत नाही. त्यामुळे शेवटची तपासणी आपल्याच हातात येते. अधिकृत सौंदर्यप्रसाधनावर उत्पादकाचे नाव आणि पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, वापरण्याची अंतिम तारीख आणि घटकांची यादी असावीच लागते. परदेशी मालावर आयातदाराचे नाव आणि नोंदणी क्रमांक हवा. यादीत मर्क्युरी, मर्क्युरस क्लोराइड, कॅलोमेल किंवा अमोनिएटेड मर्क्युरी यांपैकी एकही शब्द दिसला, तर ती वस्तू घेऊ नका. यादीच नसेल, तरीही घेऊ नका.

दुसरी फसवी ट्यूब: स्टेरॉइड

पाऱ्याच्या क्रीमपेक्षा माझ्या दवाखान्यात जास्त दिसते ती मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेली ट्यूब. तिच्यात बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन यांसारखे स्टेरॉइड असते, कधी त्याच्या जोडीला हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन. ही औषधे वाईट नाहीत. त्वचारोगतज्ज्ञ ती ठरावीक आजारासाठी, ठरावीक आठवड्यांसाठी देतात. पण "चेहरा गोरा होतो" म्हणून महिनोन्‌महिने लावली, की त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरूम उठतात, ओठांवर आणि हनुवटीवर केस वाढतात. थांबवले की आग होते आणि रंग पहिल्यापेक्षा गडद होतो, म्हणून माणूस पुन्हा तीच ट्यूब घेतो. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा अनेक स्टेरॉइड क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम केला, तरी काउंटरवर त्या आजही मिळतात.

मावळात याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते. भातलावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांत चिखल्या होतात, ओल्या कपड्यांमुळे जांघेत गजकर्ण होते. लोक तीच "खाज बंद करणारी" ट्यूब लावतात. खाज दोन दिवसांत थांबते, पण बुरशी आतल्या आत पसरत राहते, कारण स्टेरॉइड त्या जागेची प्रतिकारशक्ती दाबते. देशभर गजकर्ण चिवट होण्यामागे या मिश्र ट्यूबचा मोठा वाटा आहे असे त्वचारोगतज्ज्ञ मानतात. अंगाला खाज असेल तर घरातल्या कपाटातली जुनी ट्यूब काढू नका, आधी दाखवा.

मग डाग येतात तरी कशामुळे? उन्हाचा वाटा

त्या मुलीच्या गालांवर वांग होते. वांग वाढण्याचे मोठे कारण म्हणजे ऊन. गरोदरपण, गर्भनिरोधक गोळ्या आणि घराण्यातली प्रवृत्ती यांचाही वाटा असतो. ती रोज स्कूटीवरून, चेहरा उघडा ठेवून जात होती. त्यात क्रीमने त्वचा नाजूक केलेली. एकीकडे रंगद्रव्य दाबायचे आणि दुसरीकडे उन्हाने ते वाढवायचे, असा तो उलटा खेळ होता.

"मग उन्हात जायचंच नाही का? व्हिटॅमिन डी कसं मिळणार?" हा प्रश्न नेहमी येतो. व्हिटॅमिन डी तयार होण्यासाठी चेहराच उन्हात धरायला हवा असे नाही. हात आणि पाय उघडे ठेवून, दहा ते तीन या वेळेत, आठवड्यातून काही दिवस वीस ते तीस मिनिटे ऊन घेतले तर बहुतेकांना फायदा होतो. चेहरा ओढणीने किंवा टोपीने झाका. काचेच्या आड बसून घेतलेले ऊन मात्र दोन्हीकडून तोट्याचे ठरते. व्हिटॅमिन डी बनवणारे किरण काच अडवते आणि वांग वाढवणारे बरेच किरण आत येतात. साठ हजार युनिटची पावडर किंवा गोळी मनाने चालू ठेवू नका. तिचा अतिरेकही किडनीला त्रास देतो.

सनस्क्रीन घ्यायचे तर एसपीएफ ३० किंवा जास्त आणि यूव्हीए संरक्षण असलेले घ्या. चेहरा आणि मान यांसाठी दोन बोटांच्या लांबीइतके लावा, बाहेर असाल तर दोन-तीन तासांनी पुन्हा लावा. ढगाळ हवेतही हे किरण पोहोचतात. महाग सनस्क्रीन परवडत नसेल तर सुती ओढणी, रुंद कडांची टोपी आणि छत्री हे उत्तम संरक्षण आहे. लिंबू चोळून उन्हात जाऊ नका. त्याने भाजल्यासारखे फोड आणि काळे डाग येऊ शकतात.

आहार चेहऱ्यावर दिसतो, पण गोरेपणा म्हणून नाही

तपासताना मला त्या मुलीच्या मानेवर जाड, मखमली काळपटपणा दिसला. आई म्हणाली, "घासून घासून थकलो, मळ निघतच नाही." तो मळ नव्हताच. मान आणि काखेतला असा काळेपणा अनेकदा शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसल्याची खूण असते. साखर तपासली, ती मधुमेहाच्या उंबरठ्यावर निघाली. तिथे क्रीम उपयोगाची नाही. गोड चहा, बिस्किटे, वडापाव आणि कोल्ड्रिंक कमी करणे, रोज चालणे आणि थोडे वजन उतरवणे हाच मानेचा उपचार आहे.

आहाराबाबत एवढे लक्षात ठेवा:

- चेहरा निस्तेज, फिकट असेल तर हिमोग्लोबिन तपासा. पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी, खजूर, अंडी, मासे खा आणि जेवणात लिंबू पिळा. जेवणाबरोबर चहा टाळा.
- बोटांच्या सांध्यांवर काळेपणा, हातापायांना मुंग्या असतील तर बी-१२ ची कमतरता असू शकते. पूर्ण शाकाहारी लोकांत ती बरीच आढळते.
- गोड आणि मैद्याचे पदार्थ, तसेच जिमसाठी घेतलेली व्हे प्रोटीन पावडर यांनी काहींचे मुरूम वाढतात.
- कोणताही पदार्थ, रस किंवा गोळी तुमचा जन्मजात रंग बदलत नाही.

आता काय कराल?

१. घरातल्या क्रीमच्या डब्या आज पाहा. ज्यांच्यावर वरील माहिती नाही, त्या बंद करा. लगेच फेकू नका, झाकण घट्ट लावून पिशवीत ठेवा. डॉक्टरांना दाखवायला लागेल.

२. अशी क्रीम वापरली असेल तर त्रास नसतानाही लघवीची तपासणी करा. फेस, सूज असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरात तीच क्रीम वापरणाऱ्या प्रत्येकाची तपासणी करा.

३. स्टेरॉइड ट्यूब बराच काळ लावत असाल तर एकदम बंद करण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या.

४. टिकलीखाली पांढरा डाग, हेअर डायनंतर खाज किंवा सूज दिसली तर ती वस्तू थांबवा.

५. संशयास्पद क्रीमची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करा. टोल फ्री क्रमांक १८००२२२३६५.

त्या मुलीच्या लघवीत सुदैवाने प्रथिने नव्हती. रिपोर्ट घेऊन ती एकटीच आली. खुर्चीत बसून हळूच म्हणाली, "डॉक्टर, क्रीम बंद केली तर मी परत आधीसारखी होईन ना?"

मी म्हणालो, "हो. काही आठवडे कदाचित जास्तच गडद दिसशील. मग हळूहळू तुझा रंग परत येईल. वांगावर उपचार आहेत, त्यासाठी तुला त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतो. पण तुझा रंग हा आजार नाही, त्यावर मी औषध देणार नाही."

पुढच्या वेळी आईला सोबत आण, असे मी तिला सांगितले. कारण डबी मुलीच्या हातात असली, तरी ती विकत आणण्याची घाई बहुतेक वेळा घरातल्या मोठ्यांची असते. पाहुणे येणार म्हणून मुलीच्या चेहऱ्याला काय लावायचे, हे ठरवण्याआधी डबीवर काय लिहिले आहे ते एकदा वाचा.

(हा लेख सामान्य माहितीसाठी आहे. तुमच्या तक्रारीसाठी प्रत्यक्ष डॉक्टरांना भेटा.)