‘चांगली वस्ती’ म्हणजे कुणासाठी चांगली?

रविवारी सकाळी पोह्यांना फोडणी घालत होते आणि फोन वाजला. पलीकडे आमची छोटी. छोटी म्हणजे माझी धाकटी बहीण. अडतीस वर्षांची झाली, एका मुलीची आई झाली, तरी घरात ती छोटीच. गेली नऊ वर्षं ती न्यू जर्सीत एडिसनला होती. तिकडे शनिवारची रात्र झालेली.

“ताई, आमचं ठरलं. यांना अलाबामात नोकरी मिळाली. हंट्सव्हिल नावाचं गाव आहे. आता सांग, कुठल्या वस्तीत घर घेऊ?”

मला हसूच आलं. मी आकोटची बाई. अकोल्याला जायचं तरी एसटीची वेळ बघून निघणारी. मी काय हंट्सव्हिलमधली वस्ती सांगणार? पण छोटी हसली नाही. “मला नकाशा नकोय गं तुझा. तू इतक्या बायांची घरं लावून दिलीस. घर बघताना काय बघायचं असतं, ते सांग.”

मग पोहे बाजूला राहिले. त्या दिवसापासून दोन-अडीच महिने आमच्या फोनवर हाच एक विषय होता. त्यातून मीच इतकं शिकले, की म्हटलं मैत्रिणींनाही सांगावं. आज आपल्या प्रत्येकीच्या घरातलं कुणी ना कुणी अनोळखी गावात घर शोधत असतं. कुणाची लेक पुण्यात, कुणाचा भाऊ हैदराबादेत, कुणाची बहीण सातासमुद्रापार.

हंट्सव्हिल हे अमेरिकेच्या दक्षिण भागातलं मध्यम आकाराचं शहर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या दोन लाख पंधरा हजार. माणसाला चंद्रावर नेणारं सॅटर्न रॉकेट इथल्याच मार्शल केंद्रात घडलं. त्यामुळे गावात इंजिनिअरांची गर्दी, आणि इंजिनिअर आले की आपली मंडळी आलीच. छोटीनं पहिल्या फेरीत पाठवलेले फोटो बघून मात्र मी चकित झाले. नव्या कोऱ्या बंगल्यांची रांग आणि रांग संपते तिथे चक्क कापसाचं शेत! “ताई, अगदी आपल्या आकोटसारखं वाटलं गं,” ती म्हणाली. आपल्या वऱ्हाडाचा आणि त्या मुलखाचा कापसाचा धागा जुनाच आहे. १८६१ ते ६५ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस विलायतेला पोचेना, तेव्हा आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. तिकडचा तो कापूस गुलाम केलेल्या काळ्या माणसांच्या हातांनी वेचलेला होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढची सगळी गोष्ट तिथूनच सुरू होते.

पहिला खटका उडाला तो घर दाखवणाऱ्या एजंटबाईंशी. छोटीनं सरळ विचारलं, “ही वस्ती चांगली आहे ना? इथे लोक कसे आहेत?” बाई गोड हसल्या आणि म्हणाल्या, “हे मला सांगता येणार नाही, तुम्हीच माहिती काढा.” छोटी चिडली. “ताई, एवढं कमिशन घेतात आणि साधं उत्तर देत नाहीत!”

मलाही नवल वाटलं. आपल्याकडे तर दलाल न विचारता सांगतो, ‘ताई, सगळी आपलीच माणसं आहेत.’ मग छोटीनं चौकशी केली तेव्हा कळलं, की बाई कायद्याला धरून वागत होत्या. ४ एप्रिल १९६८ ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली आणि आठवडाभरात, ११ एप्रिलला, तिथे घरांबाबतच्या भेदभावाविरुद्धचा कायदा झाला. वंश, रंग, धर्म, मूळ देश यावरून कुणाला घर नाकारायचं नाही. १९७४ मध्ये त्यात स्त्री-पुरुष भेद आला, १९८८ मध्ये अपंग आणि मुलंबाळं असलेली कुटुंबं आली. एजंटानं ‘तुमच्यासारख्यांना ती वस्ती बरी’ असं म्हणत गिऱ्हाईक एका बाजूला वळवणं हाही त्यात गुन्हा आहे. कारण पूर्वी नेमकं असंच होत होतं. गोऱ्यांना इकडे आणि काळ्यांना तिकडे नेता नेता दोन शहरं तयार व्हायची.

कायदा झाला म्हणून माणसं बदलतात असं नाही, हे आपल्याला सांगायला नको. पण निदान ‘लोक कसे आहेत’ या प्रश्नात काय दडलंय, याचा विचार करायला त्या कायद्यानं मला भाग पाडलं.

दुसरा प्रश्न शाळेचा. तिथे सरकारी शाळा पत्त्यावर ठरते. घर ज्या हद्दीत, शाळा त्या हद्दीतली. हंट्सव्हिलच्या शाळा वेगळ्या, शेजारच्या मॅडिसन गावाच्या वेगळ्या, कौंटीच्या आणखी वेगळ्या. प्रत्येक शाळेला कुणी ना कुणी दहापैकी गुण दिलेले असतात. जिथे नऊ-दहा गुण, तिथे घराची किंमत भारी. छोटीनं वहीत कोष्टकच मांडलं होतं.

मी विचारलं, “हे गुण कशाचे गं? बाई कशा शिकवतात त्याचे?”

“नाही, मुख्यतः परीक्षेच्या निकालाचे.”

“म्हणजे ज्या घरात शिकलेले आईबाप आणि शिकवणीला पैसे, त्या पोरांचे गुण जास्त. शाळेचं कौतुक किती आणि घराचं किती, ते कसं कळणार?”

ती गप्प झाली. मग हळूच म्हणाली, “ताई, तत्त्व बरोबर आहे तुझं. पण पोरगी माझी आहे.”

खरं सांगू? या वाक्यावर मला बोलताच येईना. कारण मीसुद्धा तेच केलंय. महिला मंडळाच्या व्यासपीठावरून नगरपालिकेची शाळा टिकवा म्हणून भाषणं दिली आणि स्वतःच्या मुलाला गावाबाहेरच्या इंग्रजी शाळेच्या गाडीत बसवलं. त्यामुळे छोटीला दोष द्यायचा मला अधिकार नाही. आई झालं की तत्त्वाचा पदर सुटतो, हे मला ठाऊक आहे.

पण त्याच हंट्सव्हिलची एक गोष्ट तिनं वाचून मला सांगितली. १९६३ चा सप्टेंबर. एक काळे डॉक्टर आपल्या सहा वर्षांच्या मुलाचा हात धरून गोऱ्यांच्या शाळेत निघाले. कोर्टाचा आदेश हातात होता, तरी राज्याच्या पोलिसांनी त्यांना परत पाठवलं. ९ सप्टेंबरला ते पुन्हा गेले आणि मुलगा वर्गात बसला. अलाबामाच्या सरकारी शाळेतली वेगळेपणाची भिंत त्या दिवशी पहिल्यांदा फुटली. आणि त्याच खटल्यात तब्बल बावन्न वर्षांनी, २०१५ साली, कोर्टाला नव्यानं आदेश काढावा लागला. कारण उत्तरेकडच्या वस्त्यांतल्या काळ्या मुलांना अजून सारखी संधी मिळत नव्हती. वहीतल्या त्या दहापैकी गुणांमागे एवढा इतिहास उभा असतो.

आपल्याकडे काय वेगळं आहे? मागे आमच्या गावात एक नर्स बदलून आली. एकटी, सोबत म्हातारी आई. मी तिला खोली शोधायला मदत करत होते. सहा घरं बघितली. प्रत्येक ठिकाणी खोली रिकामी, चहासुद्धा व्हायचा. आडनाव कळलं की घरमालकीण आत जायची आणि बाहेर येऊन म्हणायची, “अहो, पुतण्या येणार आहे राहायला.” सहा घरांत सहा पुतणे! शेवटी गावाच्या टोकाला, जिथे रस्त्यावर दिवा नाही तिथे तिला खोली मिळाली. तीच बाई पहिल्या घरमालकिणीच्या सुनेच्या बाळंतपणात रात्रभर उभी होती. त्या सहाही घरांच्या वस्तीला आम्ही सगळे काय म्हणतो? ‘चांगली वस्ती.’

म्हणून मी छोटीला म्हटलं, वस्ती चांगली आहे का असं विचारू नकोस. कुणासाठी चांगली आहे, ते विचार. आणि आपल्या घरातल्या सगळ्यात कमजोर माणसाला समोर ठेवून विचार.

ते माणूस म्हणजे आमचे बाबा. वय बहात्तर. दर दोन वर्षांनी सहा महिने छोटीकडे जातात. पहाटे उठून तासभर चालल्याशिवाय त्यांना चहा जात नाही. इंग्रजी जेमतेम. एडिसनला प्रश्न नव्हता, तिथे रस्त्यावर निम्मे आजोबा आपलेच.

आणि नेमकी इथेच मला एक बातमी आठवली. ६ फेब्रुवारी २०१५. हंट्सव्हिलला लागूनच असलेल्या त्या मॅडिसनमध्ये गुजरातेतून आलेले सत्तावन्न वर्षांचे एक आजोबा सकाळी मुलाच्या घराजवळ चालत होते. नातवाला सांभाळायला थोड्याच दिवसांपूर्वी आलेले. शेजाऱ्यांपैकी कुणीतरी पोलिसांना फोन केला, की एक अनोळखी काळा माणूस फिरतोय. पोलीस आले. आजोबांना इंग्रजी येत नव्हतं. एका पोलिसानं त्यांना धरून जमिनीवर आपटलं. मणक्याला मार बसला, शस्त्रक्रिया करावी लागली, अंगाचा काही भाग लुळा पडला. तिथल्या राज्यपालांनी माफी मागितली. त्या पोलिसावर खटला चालला, दोनदा ज्यूरीचं एकमत झालं नाही आणि २०१६ च्या जानेवारीत न्यायाधीशांनी त्याला सोडून दिलं. पुढे २०२१ मध्ये नुकसानभरपाईचा दावा साडेसतरा लाख डॉलरवर मिटला.

ती वस्तीही कुणाच्या तरी वहीत ‘चांगली’ म्हणून लिहिलेली असेल. शाळा उत्तम, बंगले देखणे, चोऱ्या नाहीत. पण पायी चालणारा माणूसच जिथे दिसत नाही, तिथे चालणारा माणूस संशयित ठरतो. मी हे मॅडिसनला नावं ठेवायला सांगत नाही. कितीतरी भारतीय कुटुंबं तिथे सुखानं राहतात, छोटीच्याच ओळखीची दोन आहेत. पण आपले बाबा या रस्त्यावर चालले तर कुणी हात हलवून ‘गुड मॉर्निंग’ म्हणेल, की पडद्याआडून बघेल? हा प्रश्न शाळेच्या गुणांइतकाच मोठा आहे.

मग आम्ही दोघींनी मिळून काही गोष्टी ठरवल्या. त्या कुठल्याही अनोळखी गावाला लागू पडाव्यात.

घर लगेच विकत घ्यायचं नाही. आधी वर्षभर भाड्यानं राहायचं. घर बघायला एकदा नाही, तीनदा जायचं. सकाळी शाळेच्या वेळी, संध्याकाळी ऑफिस सुटताना आणि रात्री नऊनंतर. निदान एकदा तरी गाडी लांब लावून पायी फिरायचं. फुटपाथ आहे का? म्हातारी माणसं, बाबागाडीवाल्या आया दिसतात का? फाटकाशी उभं राहून कुणाला पत्ता विचारला तर ते कसं बोलतात? गाडीशिवाय तिथे पान हलत नाही, तेव्हा नवरा कामावर गेल्यावर घरातल्या बाईला दूध, औषध, वाचनालय कुठवर पायी मिळतं तेही बघायचं. नाहीतर मोठ्ठं घर आणि त्यात एकटी बाई. हे दुःख मी इथे आकोटात बसून फोनवर बरंच ऐकलंय.

रहिवाशांच्या सोसायटीचे नियम आधी वाचायचे. बऱ्याच ठिकाणी बाहेर दोरीवर कपडे वाळत घालायलासुद्धा बंदी असते. शाळेचे गुण वाचा, पण वर्गात जाऊन बसा, बाईंशी बोला, डबा खाताना मुलं कशी मिसळतात ते बघा. आणि तिथलं हवामान विचारा. त्या भागात चक्रीवादळाचे भोवरे येतात. २७ एप्रिल २०११ ला अलाबामात दोनशेहून जास्त माणसं गेली, हंट्सव्हिलमध्ये कित्येक दिवस वीज नव्हती. म्हणून घरात खिडकी नसलेली आतली खोली आहे का, भोंगा वाजला तर जवळचा निवारा कुठे, हे ओट्याचा दगड कुठल्या रंगाचा याच्या आधी विचारायचं.

शेवटी छोटीनं हंट्सव्हिलमध्येच एका जुन्या वस्तीत घर भाड्यानं घेतलं. जवळ ओढ्याकाठी पायवाट आहे. शाळेला दहापैकी सहा गुण. सामान उतरत होतं तेव्हा समोरच्या एक काळ्या आजी केक घेऊन आल्या आणि विचारत्या झाल्या, “घरात अजून कोण कोण आहे?” छोटीनं सांगितलं, वडील येणार आहेत. दुसऱ्याच दिवशी तिनं बाबांचा फोटो त्यांना आणि शेजारच्या दोन घरांना दाखवून ठेवला.

तिचा निर्णय बरोबरच ठरेल असं मी म्हणत नाही. वर्षभरानं शाळा पटली नाही तर ती घर बदलेलही, आणि मी तिला नावं ठेवणार नाही. पण तिनं नऊ गुणांच्या शाळेवर डोळे मिटून सही केली नाही, याचं मला बरं वाटलं.

आणि मी काय केलं? गेल्या महिन्यात आमच्या वरच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्या. एक शिक्षिका विचारायला आली. यांनी सवयीनं विचारलं, “आडनाव काय म्हणालात?” मी आतून चहा घेऊन आले आणि म्हटलं, “आडनाव राहू द्या हो. ताई, सामान कधी आणताय?”

मैत्रिणींनो, तुमच्याकडे खोली बघायला कुणी आलं, तर तुमचा पहिला प्रश्न काय असतो?